पट अडतीस, हजर अडतीस

भात झोडून झालं की आमच्याकडे हवेला पेंढ्याचा वास लागतो. खालापुरात एसटीतून उतरलं तरी येतो, वर्गात खिडकीपाशी उभं राहिलं तरी येतो. सकाळी थंडी, अकरा वाजता चटका. दिवाळीची सुट्टी संपून मुलं आळसावलेली असतात आणि त्याच आठवड्यात बी.एड.च्या मुली शाळेत दाखल होतात. इस्त्रीच्या साड्या, काखेत गुंडाळलेले तक्ते, पिशवीत रंगीत खडू आणि डोळ्यांखाली अपुरी झोप. लोकांना या दिवसांत उरलेला फराळ आठवतो. मला एक मंगळवार आठवतो. दरवर्षी आठवतो, आणि दरवर्षी मी त्या मुलींना स्टाफरूममध्ये चहा देते, हसून बोलते.

परवा त्यांतलीच एक मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. मी या शाळेत तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. या मुलींकडे बघण्याचं काम कायम नोकरीवाल्यांना नको होतं, म्हणून ते माझ्याकडे. ती म्हणाली, "मॅडम, उद्या माझा वार्षिक पाठ आहे. बाहेरचे परीक्षक येणारेत. नववीतली ती मागच्या बाकावरची तिघं आहेत ना, त्यांना उद्या येऊ नका सांगितलं तर चालेल का?" खडूची पेटी कुठे ठेवलीय असं विचारावं, तितक्या सहज तिनं विचारलं. मी म्हणाले, शाळा सुटताना सांगते.

एवढ्याशा गोष्टीला वेळ कशाला हवा, असं तिला वाटलं असणार.

मी तिच्याएवढी होते त्या वर्षी माझं दोन्ही हातांनी चाललं होतं. कर्जतच्या कॉलेजात बसून बी.एड., आणि बाहेरून एम.ए. अर्थशास्त्राचं दुसरं वर्ष. घर खालापूरच्या अलीकडे, एका गावाच्या कडेला. आमच्या वस्तीत बुद्धविहाराच्या शेजारचं तिसरं. आप्पा, म्हणजे माझे वडील, खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या लेखी मी बाई होणार, म्हणजे शिकवणारी बाई, हे मी चौथीत असतानाच ठरलं होतं. शेअर रिक्षात तिघींच्या जागेत चौथी बसून मी समवृत्ती वक्र वाचायचे. रिक्षा खड्ड्यात गेली की वक्र हलायचा. मानवी भांडवल नावाचं एक प्रकरण होतं, त्याच्या कडेला मी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'सोपं. नक्की येणार.'

बी.एड.मध्ये शिकवायला शिकवतात. निदान नाव तसं आहे. पाठ टाचणाच्या वहीत पानाचे दोन उभे भाग करायचे. एका बाजूला बाई काय बोलणार ते, दुसऱ्या बाजूला मुलं काय बोलणार ते. म्हणजे उद्या कुणीतरी चौदा वर्षांचं पोर काय उत्तर देणार, हे आम्ही आज घरी बसून सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायचो. मग शनिवारी त्याच वर्गावर तोच पाठ एकदा घेऊन बघायचा. मुलांना सांगून ठेवायचं, प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचे. येतंय त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. परीक्षकाला हातांचं रान दिसतं. ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नाही. जुन्या तुकडीकडून नव्या तुकडीकडे ती आपोआप येते, जुन्या वह्यांबरोबर. आणि वार्षिक पाठाच्या दिवशी जी मुलं पाठ बिघडवतील अशी भीती असते, त्यांना घरी राहायला सांगायचं. हेही कुठल्या पुस्तकात नाही.

माझी सरावाची शाळा कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी होती. शनिवार-रविवारी कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या शहरातल्या गाड्या त्या बाजूला दिसायच्या, बाकीचे दिवस सुनसान. नववीच्या पटावर अडतीस मुलं. त्यांतली पाच-सहा वरच्या कातकरी वाडीतून तासभर चालत यायची. त्यांत एक येमी. हजेरीपटावर यमुना, पण त्या नावानं पुकारलं की ती थोडी उशिरा 'हजर' म्हणायची. दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असं तिला वाटायचं. बारीक, काळीसावळी, दप्तर म्हणून खताच्या दुकानातली नायलॉनची पिशवी. पहिल्या आठवड्यात ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचं आडनाव काय हाय?" मी सांगितलं. तिनं मान हलवली. त्यानंतर ती पहिल्या बाकावर बसायला लागली.

दिवाळीनंतर वाडी रिकामी होते, हे मला माहीत होतं. आमच्या घरासमोरच्या रस्त्यानं जाणारे टेंपो मी लहानपणापासून बघत आले होते. भांडी, गोधड्या, कोंबड्या, वर बसलेली माणसं. वीटभट्टीवर सहा-सात महिने, पाऊस आला की परत. येमीच्या घरचेही जाणार होते. पण तिची आजी म्हातारी, भट्टीवर न जाणारी, वाडीवरच राहायची. तिच्यापाशी येमीला ठेवलं तर वर्ष वाचणार होतं. येमीनं आईला विचारलं होतं. आईचं उत्तर तिनं मला जसंच्या तसं सांगितलं.

"आय म्हनते, बाईनी सोता येऊन सांगलं तर ठेवीन. नायतर मागारी पोरीला काय झालं तर कोनाला विचारू?"

मला ते पटलं. कुणाच्याही आईला असं एक माणूस हवं असतं. मी म्हणाले, येते. मंगळवारी शाळा सुटली की तुझ्याबरोबर वर येते. टेंपो गुरुवारी यायचा होता, म्हणजे घाई नव्हती.

मंगळवारी माझा वार्षिक पाठही होता.

विषय मी मुद्दाम सोपा घेतला होता. मानवी गरजा अमर्याद असतात, साधनं मर्यादित असतात, म्हणून माणसाला निवड करावी लागते. इथून अर्थशास्त्र सुरू होतं. तक्त्यावर मी एक घर काढलं होतं, त्यावर दुचाकी, त्यावर गाडी, बाण वर वर जाणारा. वहीच्या उजव्या बाजूला लिहिलं होतं : मुले सांगतात, 'अन्न, वस्त्र, निवारा, मोबाईल.' मग मी विचारणार, एक गरज भागली की काय होतं? आणि मुलं सांगणार, दुसरी निर्माण होते.

शनिवारी रंगीत तालीम घेतली. मोबाईलपर्यंत सगळं वहीतल्याप्रमाणे झालं. मी विचारलं, "गरजा वाढत जातात, याचं तुमच्या घरातलं उदाहरण सांगा." हातांचं रान उगवलं. पहिल्या बाकावर येमीचा हात वर. उजवा. मी मोठ्या कौतुकानं तिला उठवलं.

ती म्हणाली, "आमच्या नाय वाढत, बाई. दिवाळी झाली का कमी व्हतात."

"म्हणजे?"

"भट्टीवर जाताना सगळं नेता येत नाय ना. येक हांडा, येक टोप, गोधडी. बाकी हितंच ऱ्हातं. नसलं का मंग लागत पन नाय."

वर्गात कुणीतरी हसलं, मग सगळेच. मी फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं, 'गरजा अमर्याद असतात.' ते वाक्य माझ्या पाठीमागे होतं आणि पुढे येमी उभी होती, उत्तर बरोबर आलं का हे बघत. मला पुढचा प्रश्न विचारता येईना. तो तिच्या उत्तरावर बसतच नव्हता. मी "छान, बस खाली" म्हणाले आणि दुसऱ्या मुलाला उठवलं. त्यानं मोटारसायकल सांगितली, माझा जीव भांड्यात पडला.

आज वर्गात असं उत्तर आलं तर मी तास तिथंच थांबवीन. दोन वर्षं एम.ए.च्या वर्गात बसून माणूस जे शिकतो, त्याला ते एक उत्तर पुरून उरलं असतं. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की ही मुलगी खरं बोलते आणि मंगळवारी परीक्षकापुढेही खरंच बोलेल. तिला डावा हात वर कर असं सांगायची सोय नव्हती. तिला उत्तर येत होतं.

प्रणाली, माझ्याबरोबर सरावाला असलेली मैत्रीण, मागच्या बाकावर बसून सगळं बघत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अगं, तिला मंगळवारी घरी बसव. मी माझ्या पाठाला पाच जण बसवलेत."

"हुशार आहे ती."

"म्हणूनच तर. ढ असती तर गप्प तरी बसली असती."

मी हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

सोमवारी शाळा सुटताना येमीला बाजूला घेतलं. व्हरांड्यात घंटेपाशी. तिला वाटलं, उद्या वाडीवर यायचं त्याबद्दल काही आहे. मी म्हणाले, "उद्या माझी परीक्षा आहे गं. तू उद्या नको येऊस."

तिचा चेहरा पडला नाही. तिला गंमत वाटली. "तुमाला पन परीक्षा असते?"

"असते ना."

"मी आले तर नापास व्हाल?"

नाही म्हणायचं होतं. एका शब्दात भागलं असतं. मी म्हणाले, "तसं नाही गं, पण... तू बुधवारी ये. बुधवारी शाळा सुटली की मी तुझ्याबरोबर वर येते, आईशी बोलते. गुरुवारी टेंपो आहे ना? मग झालं तर."

तिनं थोडा विचार केला. "बरं, नाय येत," म्हणाली आणि पिशवी डोक्याला अडकवून निघाली. शाळेच्या फाटकातून वळून तिनं हात केला.

मंगळवारचा पाठ अप्रतिम झाला. हा शब्द परीक्षकांचा. मुलांनी वहीतली उत्तरं वहीतल्या क्रमानं दिली. तक्त्यावरचा बाण वर गेला. पाठ टाचणाच्या पहिल्या पानावर वर्गाची माहिती भरायची असते, इयत्ता, विषय, पट, हजर संख्या. उपस्थिती चांगली दिसली की बरं दिसतं, असं वर्गशिक्षक म्हणाले होते. मी लिहिलं, पट अडतीस, हजर अडतीस. हजेरीपटावरही त्या आठवड्यात मीच हजेरी घेत होते. यमुनाच्या नावापुढे मी हजर मांडलं. परीक्षकांनी खाली सही केली. त्यांनी मुलं मोजली नाहीत, मोजत कुणीच नाही.

चारनंतर आम्ही सगळ्या जणी कर्जतला उतरलो. पाठ संपल्याचा आनंद होता. वडापाव खाल्ला, मग कुणीतरी म्हणालं आईस्क्रीम खाऊ, म्हणून थंडीचे दिवस असून आईस्क्रीम खाल्लं. पाच वाजून गेले होते. घाटाकडचे डोंगर तांबूस झाले होते, मला ते सुंदर वाटल्याचं आठवतं.

बुधवारी येमी आली नाही. वाडीतलं कुणीच आलं नाही. शाळा सुटल्यावर मी एकटीच वर गेले. पायवाट कोरडी, गवत कापलेलं, मध्येच पेंढ्याच्या काड्या सांडलेल्या. वाडीत शिरले तर दारांना काट्या लावलेल्या. एक कुत्रं होतं, त्यानं भुंकायचा कंटाळा केला. शेवटच्या घरापुढे एक म्हातारी उन्हाकडे पाठ करून बसली होती. मी माझं नाव सांगितलं.

"तूच व्हय ती बाई," ती म्हणाली. माझ्याकडे नीट बघून घेतलं तिनं. मग सांगितलं, कुठेही आवाज न चढवता. मंगळवारी दुपारीच मुकादमाचा निरोप आला की टेंपो उद्या उजाडता येणार, आवरून ठेवा. "म्या येमीला म्हटलं, जा गं, शाळंत जाऊन बाईला सांग. आत्ता गेलीस तर गाठ पडंल. तर म्हटली, आज नाय जायाचं. बाईंनी आज येव नको सांगलंय."

मी तिथं बसले. बसायला काही नव्हतं, मातीतच.

"मंग वाटंवर जाऊन बसली. म्हटली, बाईचं आटपलं तर आजच येतील वर. अंधार पडला तवा आयनी हाताला धरून आनली." म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "सकाळी गेली. रडली नाय."

ती वाटेवर बसली होती तेव्हा मी कर्जतच्या दुकानात कुठल्या रंगाचं आईस्क्रीम घेऊ म्हणून फ्रीजमध्ये बघत होते. हे मी नंतर कितीदा तरी जुळवून बघितलं आहे. दुपारी निरोप, तीनला आमचा पाठ संपला, चारला आम्ही शाळेतून निघालो. ती खाली आली असती तर मी भेटले असते. ठरल्याप्रमाणे मी वर गेले असते तरी भेटले असते. दोन्ही वाटा मी स्वतः बंद केल्या होत्या, एका वाक्यात.

भट्टी कुठे आहे ते म्हातारीला नीट माहीत नव्हतं. खाडीच्या बाजूला कुठंतरी, एवढंच. शोधता आली असती. मुकादमाचं नाव वाडीत सगळ्यांना ठाऊक असतं, कर्जतच्या बाजारात विचारलं असतं तर पत्ता लागला असता. पण एम.ए.ची परीक्षा जवळ आली होती, आईच्या पायाचं दुखणं होतं, आणखी काय काय होतं. मी गेले नाही. कारणं पुष्कळ आहेत आणि मी गेले नाही.

परीक्षेत मानवी भांडवलावर प्रश्न आला. पुरवणी घेऊन लिहिलं. शिक्षण ही गुंतवणूक कशी, मध्येच शाळा सुटली तर समाजाचं नुकसान काय. संधी खर्चाचाही प्रश्न होता. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, तिची किंमत. उदाहरण मी पुस्तकातलं दिलं, शेतकरी आणि दोन पिकं. पुस्तकातला माणूस नेहमी स्वतःचं एक सोडून स्वतःचंच दुसरं घेतो. मी घेतलं माझं आणि सोडलं येमीचं. त्याला काय म्हणतात, हे त्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठे नव्हतं, किंवा असेल तर मी ते प्रकरण वगळलं असणार.

मार्चमध्ये मी वर्गशिक्षकांना येमीबद्दल विचारलं. ते म्हणाले, पावसाला येतात परत, पण शाळेत येत नाहीत. नाव मात्र वर्षभर पटावर राहिलं. त्या मुलीचा शाळेतला शेवटचा दिवस सोमवार होता. कागदावर तो मंगळवार आहे, माझ्या अक्षरात.

आप्पांची एक गोष्ट आहे. ती त्यांनी मला लहानपणी अनेकदा सांगितली. त्यांच्या शाळेत दिपोटी, म्हणजे तपासणीचे साहेब, यायचे तेव्हा गुरुजी आमच्या वस्तीतल्या तिघा पोरांना सकाळीच लाकडं आणायला नदीकडे पाठवायचे. दुपारी साहेब गेले की पोरं मोळ्या घेऊन परत. आप्पा हे रागानं सांगत नाहीत. म्हणतात, "गुरुजी वाईट नव्हता गं. मारत पन नव्हता. त्याला त्या दिवशी आमी दिसाया नको व्हतो, येवढंच." मग म्हणतात, "तू बाई झालीस का बघ. तुझ्या वर्गात असं नाय व्हनार."

निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आले. पाठाला कॉलेजात दुसरी होते. आप्पांनी पेढा हातात धरून विचारलं, "पाठाला वर्ग सगळा भरला व्हता?"

"हो आप्पा. अडतीसच्या अडतीस."

त्यांचे डोळे भरून आले. पेढा त्यांनी आधी विहारात नेला, मग खाल्ला. आता त्यांना कमी ऐकू येतं. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, आणि आता सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल.

त्या परवाच्या मुलीला मी शाळा सुटताना म्हणाले, "नाही. तिघंही बसतील. पुढच्या बाकावर." तिचा चेहरा रागानं लाल झाला. तिचे मार्क जातील कदाचित. मॅडम खडूस आहेत असं तिनं पोर्चमध्ये मैत्रिणींना सांगितलं, ते मी ऐकलं. का, ते मी तिला सांगू शकले नाही. आणि खरं सांगायचं तर त्या तिघांना बसवून माझ्या छातीवरचं काही हललं नाही. ती तीन मुलं होती, त्यांतली एकही येमी नव्हती.

येमी मला गेल्या वर्षी भेटली. हेच दिवस, हाच पेंढ्याचा वास. खालापूरच्या फाट्यावर मी एसटीची वाट बघत होते. झाडाखाली चार-पाच कुटुंबं टेंपोसाठी बसली होती. हंडे, टोप, गोधड्यांची गाठोडी. त्यांतली एक पोरगी तान्ह्या बाळाला पाजत माझ्याकडे एकटक बघत होती. मी नजर वळवली. वळवताना मला कळलं होतं, तरी वळवली. मग आवाज आला.

"बाई."

तिच्याजवळ गेले. ती उठायला लागली, मी बस म्हणाले. बाळाचं नाव विचारलं, आजी कशी आहे विचारलं. आजी गेली होती. मी तिची माफी मागायची बरीच वाक्यं गेली कित्येक वर्षं तयार ठेवली आहेत, क्रमानं, सुवाच्य अक्षरात. त्यांतलं पहिलं वाक्य मी सुरू केलं. "येमी, त्या मंगळवारी मी तुला..."

तिनं मला पुरं करू दिलं नाही. एवढ्या वर्षांत तिच्याजवळ एकच प्रश्न राहून गेला होता, आणि तो विचारायची तिला घाई होती.

"पास झालाव का, बाई?"

"झाले."

ती हसली. शेजारी बसलेल्या नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाली, "ह्या आमच्या बाई. पास झाल्या." मग बाळाला दुसऱ्या अंगाला घेत, समाधानानं, माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग बरं झालं मी नाय आले ते."

मी हो म्हणाले.